सोलापुरात दोनदा चार वाजले

दुपारी सव्वादोनच्या सुमाराला आमच्या गिरणीचा चारचा भोंगा वाजला, तेव्हा मी सोलापूर स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर उभा होतो. भोंगा कोणी वाजवला हे मला लगेच कळलं. का वाजवला हे कळायला वीसेक मिनिटं लागली. आणि चूक कोणाची होती हे सांगायला पंचेचाळीस वर्षंही पुरली नाहीत.

तसं पाहिलं तर ही गोष्ट मी शंभरदा सांगितली आहे. लग्नाच्या पंगतीत सांगितली, ऑफिसच्या पार्टीत सांगितली. दर वेळी लोक हसले. पण मी सांगायचो त्या गोष्टीत चूक नरसय्यामामांची असायची. खरी गोष्ट मी टाळत आलो. आता पंचाहत्तरी उलटली आहे आणि त्या गोष्टीतलं माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. आमच्या कापड गिरणीने कॉम्प्युटर घेतला. गिरणीचं नाव लिहीत नाही. गिरणीही आता नाही. मशीन दोन लोखंडी कपाटांएवढं होतं. आजच्यासारखा पडदा त्याला नव्हता. त्याच्याशी बोलायचं ते टेलिटाइपवर. टेलिटाइप म्हणजे टाइपरायटरसारखं एक धूड. आपण कळा दाबून हुकूम टाइप करायचा आणि शेवटी रिटर्नची कळ दाबायची, की ते खडाखडा आवाज करत कागदावर उत्तर छापायचं. प्रोग्रॅम ठेवायचा कागदी टेपवर, बारीक भोकं पाडून. ह्या सगळ्याला सांभाळायला मी होतो. हिरेमठ, मूळचा अक्कलकोटचा, बीएस्सी, मुंबईत सहा महिन्यांचं ट्रेनिंग. पदाचं नाव प्रोग्रॅमर. गिरणीत मला 'एसीवाले साहेब' म्हणत, कारण अख्ख्या गिरणीत एसी फक्त माझ्या खोलीला होता. माझ्यासाठी नव्हे, मशीनसाठी.

मशीनचं खरं काम सुताचा स्टॉक आणि कामगारांची हजेरी. पण ते काम बघायला मजा नव्हती. आमचे जनरल मॅनेजर दळवीसाहेब दर आठवड्याला पाहुणे घेऊन यायचे आणि म्हणायचे, "हिरेमठ, काहीतरी करून दाखवा." मी सुताचा स्टॉक छापून दाखवायचो. पाहुणे जांभई द्यायचे.

म्हणून मी एक घड्याळ लिहिलं. टेलिटाइपवर T हे एकच अक्षर टाइप करायचं, की मशीन त्या क्षणाची वेळ छापायचं. साध्या आकड्यांत छापणं सोपं होतं. पण साधे आकडे भिंतीवरच्या घड्याळातही दिसतात. मी वेळ बायनरीत छापली. म्हणजे फक्त शून्य आणि एक.

बायनरी अवघड नाही. तासासाठी चार घरं धरा. त्यांच्या किमती आठ, चार, दोन आणि एक. घरात एक लिहिला असेल तर ती किंमत धरायची, शून्य असेल तर सोडायची. धरलेल्या किमतींची बेरीज म्हणजे तास. मिनिटांसाठी अशीच सहा घरं, बत्तीसपासून एकपर्यंत. बस एवढंच.

फक्त मी एक आळस केला होता. संख्येची बायनरी करायची तर तिला दोनने भागत जायचं आणि बाकी लिहीत जायची. ह्यात लहान किमतीचं घर आधी मिळतं. रीतसर छापायचं तर सगळ्या बाक्या साठवून मग उलट्या क्रमाने छापाव्या लागतात. मी साठवल्या नाहीत. निघाल्या तशा छापल्या. त्यामुळे माझ्या घड्याळात घरं उलटी आली: डावीकडून एक, दोन, चार, आठ. मला माहीत होतं. पण वाचणारा मीच होतो, आणि मला वाचता येत होतं.

दळवीसाहेबांना घड्याळ बेहद्द आवडलं. पाहुण्यांसमोर ते छापलेल्या कागदाची पट्टी फाडून हातात घ्यायचे, कपाळाला आठ्या घालायचे, दुसऱ्या हाताचं मनगट हळूच पाहायचे आणि म्हणायचे, "करेक्ट!"

एकदा एका पाहुण्याने विचारलं, "पण तुमच्या टाइम ऑफिसचं घड्याळ तीन मिनिटं पुढे आहे. मग कोणतं खरं?"

झालं. दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. ह्यापुढे गिरणीची अधिकृत वेळ कॉम्प्युटरची. भोंगा कॉम्प्युटरवर. टाइम ऑफिसचं भिंतीवरचं घड्याळ काढून गेस्ट हाउसच्या जेवणाच्या खोलीत लावलं.

इथे आणखी एक कबुली देऊन टाकतो. मशीन रोज सकाळी चालू केलं की त्याला वेळ सांगावी लागायची. ती मी माझ्या मनगटी घड्याळात बघून सांगायचो. आणि माझं घड्याळ मी रोज लावायचो गिरणीच्या भोंग्यावर. म्हणजे भोंगा कॉम्प्युटरवर, कॉम्प्युटर माझ्या घड्याळावर आणि माझं घड्याळ भोंग्यावर. एका महिन्यात आम्ही तिघं मिळून अख्ख्या पेठेला सहा मिनिटं मागे नेलं. मग मी गुपचूप रेडिओच्या बातम्यांवर घड्याळ लावायला लागलो. पण भोंगा ऐकला की हात मनगटाकडे जायची सवय काही गेली नाही.

आता भोंगा वाजवणारा माणूस. नरसय्यामामा. टाइम ऑफिसचे टाइमकीपर. तेलुगू विणकर घराण्यातले. तरुणपणी चादरीच्या जकार्ड मागावर होते. उजव्या हाताची दोन बोटं मागात गेल्यावर गिरणीने त्यांना टाइम ऑफिसात घेतलं. त्यानंतर बावीस वर्षं भोंगा त्यांच्याच हातात. बॉयलर हाउसमधल्या भोंग्याची साखळी ते अशा थाटात ओढायचे, की बघणाऱ्याला वाटावं, सूर्य ह्यांच्या परवानगीने चालतो. एकदाही उशीर नाही. मनगटी घड्याळ त्यांनी आयुष्यात बांधलं नव्हतं. "लोक माझ्यावर घड्याळ लावत्यात," ते म्हणायचे, "मी कुणाच्या घड्याळावर लावू?"

मामांच्या निवृत्तीला तीन महिने राहिले होते. आमच्या गिरणीत एक रिवाज होता. टाइम ऑफिसचा माणूस निवृत्त होताना शेवटच्या दिवशी चारचा भोंगा स्वतः वाजवायचा आणि तो मनाला येईल तेवढा लांबवायचा. तेवढा वेळ सगळे माग बंद ठेवून लोक अंगणात उभे राहायचे. आधीच्या टाइमकीपरने पूर्ण दोन मिनिटं ओढला होता. मामांचा विचार तीन मिनिटांचा होता. बॉयलरवाल्याला त्यांनी वाफेचं आधीच सांगून ठेवलं होतं. शहराच्या पूर्व भागात त्यांच्या घरी मामी, लेक, जावई, व्याही सगळे त्या दिवशी गच्चीवर उभे राहून ऐकणार होते.

हुकूम निघाल्यावर मामा पहिल्यांदा माझ्या खोलीत आले. चपला बाहेर काढल्या, हात जोडून मशीनला नमस्कार केला आणि टेलिटाइपच्या बाजूला टांगलेली कागदी टेप त्यांच्या नजरेला पडली. ती भोकं बघून ते हसायला लागले.

"ओ साहेब, हे तर आमच्या जकार्डचं नातू हाय की!"

मला जकार्ड माहीत नव्हतं. त्यांनी समजावलं. जकार्ड म्हणजे मागाच्या डोक्यावर बसवलेली चौकट. तिच्यात जाड पुठ्ठ्याचे पत्ते एकामागे एक फिरतात. पत्त्याला भोक असेल तिथला दोरा वर उचलला जातो, भोक नसेल तिथला खाली राहतो. चादरीवरचा मोर असा भोकांतून उतरतो.

"भोक म्हंजे दोरा वर. भोक न्हाय म्हंजे दोरा खाली. तुमचं एक म्हंजे वर, शून्य म्हंजे खाली. बराबर?"

"बरोबर, मामा."

मी त्यांना चार घरांच्या किमती सांगितल्या. माझ्या उलट्या क्रमाने. एक, दोन, चार, आठ. त्यांनी त्या तेलुगूत घोकल्या: "ओकटी, रेंडू, नालुगू, एनिमिदी." मी T टाइप केलं. तासाच्या जागी ०१०१ आलं. मामांनी बोट फिरवलं. "ओकटी न्हाय. रेंडू हाय. नालुगू न्हाय. एनिमिदी हाय. दोन आन् आठ. धा वाजले."

जे दळवीसाहेबांना चार महिन्यांत जमलं नव्हतं, ते मामांना दहा मिनिटांत जमलं.

दुसऱ्या दिवशी ते जुन्या जकार्ड पत्त्याचे दोन तुकडे घेऊन आले. एका तुकड्याला चार मोठी भोकं, दुसऱ्याला सहा. प्रत्येक भोकाच्या वर सुईने टोचलेली खूण: एकावर एक टोचा, दुसऱ्यावर दोन, मग चार, मग आठ. दोन्ही तुकडे एका दोऱ्यात ओवलेले. पत्ता पट्टीवर ठेवायचा, भोकांतून आकडे बघायचे आणि वेळ सांगायची. पत्ता ते खिशात पाकिटासारखा जपायचे. T हे इंग्रजी अक्षर त्यांना मागाच्या खांबासारखं दिसायचं. "खांब दाबतो," म्हणायचे आणि उरलेल्या तीन बोटांतल्या एकाने ते दाबायचे. गिरणीत ते घड्याळ वाचू शकणारी माणसं दोनच. मी आणि मामा.

मे महिना आला. सोलापूरचा मे. दुपारचं जेवण झालं की मामा दीडच्या सुमाराला माझ्या खोलीत यायचे, दाराजवळच्या स्टुलावर बसायचे आणि म्हणायचे, "तुमी या जेवून. मशीन मी सांभाळतो." मशीन ते डोळे मिटून सांभाळायचे. अडीचला उठायचे, खांब दाबायचे, वेळ बघायचे आणि टाइम ऑफिसात जायचे.

त्या दिवशी कॉम्प्युटर कंपनीचा इंजिनिअर मेहता सर्व्हिसिंगला आला होता. मुंबईचा गुजराती, माझ्याच वयाचा, पण माझ्यापेक्षा दुप्पट हुशार, आणि हे त्यालाही माहीत होतं. पंखे पुसता पुसता त्याने सहज T दाबलं. पट्टी बघितली. मग पोट धरून हसला.

"अरे हिरेमठ, तुझी घड्याळ शीर्षासन करते आहे! हे कुठल्या कॉलेजमध्ये शिकला तू?"

"मुद्दाम केलंय," मी म्हणालो.

"मुद्दाम? मुंबईला सांगतो हां मी. सोलापूरमध्ये एक आपली वेगळी बायनरी चालते."

तो हात धुवायला गेला. माझे कान तापले होते. दहा मिनिटांत मी प्रोग्रॅम सरळ केला, नवी टेप पाडली, मशीनमध्ये चढवली. जुनी टेप गुंडाळून खिशात घातली, कोणी बघू नये म्हणून. तेव्हा बाराच्या आणि साडेबाराच्या जेवणाच्या सुट्टीचे भोंगे वाजून गेले होते. आता घड्याळ रीतसर होतं. आठ, चार, दोन, एक.

मामांना सांगायचं होतं. म्हटलं, आल्यावर सांगू. दीड वाजता मामा आले तेव्हा मेहता तिथेच उभा होता. त्याच्यासमोर एका टाइमकीपरला "मामा, माझी बायनरी उलटी होती" असं सांगायचं माझ्या जिवावर आलं. मेहताची गाडी दोन चाळीसची होती. म्हटलं, ह्याला स्टेशनवर सोडून तीनपर्यंत परत येऊ आणि मग सांगू. मामा चारच्या आत भोंगा कशाला वाजवतील?

"या जाऊन," मामा म्हणाले. "मशीन मी सांभाळतो."

पुढचं मामांनीच नंतर सांगितलं. एसीत त्यांचा डोळा लागला. दचकून जाग आली. खोलीला खिडकी नव्हती आणि घड्याळही नव्हतं. त्यांनी खांब दाबला. पट्टी आली: ००१० ००११००.

दोन वाजून बारा मिनिटं झाली होती. पण मामांचा पत्ता जुन्या क्रमाचा. त्यात तासाचं तिसरं घर चारचं. आणि मिनिटांचे आकडे असे, की डावीकडून वाचा की उजवीकडून, बाराच येतात. मामांनी वाचलं: चार वाजून बारा मिनिटं.

बावीस वर्षांत पहिल्यांदा भोंग्याला उशीर. तोही बारा मिनिटांचा!

ते चपला न घालता पळाले. अंगण तापलेलं. ऊन बघून कळायला हवं होतं असं नंतर खूप जण म्हणाले. त्यांना सांगतो, सोलापुरात मे महिन्यात दोनचं ऊन आणि चारचं ऊन ह्यातला फरक कळायला वेधशाळा लागते. मामांनी बॉयलरवाल्याला बाजूला ढकललं आणि साखळीला लोंबकळले. झालेला उशीर भरून काढायला त्यांनी भोंगा नेहमीच्या दुप्पट ओढला.

"हा तर आमचा चारचा भोंगा," प्लॅटफॉर्मवर माझ्या तोंडून गेलं. मेहता किंचाळला, "अरे चार वाजले! माझी गाडी गेली!" त्याच्या हातात स्वतःचं परदेशी घड्याळ होतं. त्यात सव्वादोन दिसत होते. त्याने ते कानाला लावून हलवून पाहिलं.

आणि मी काय केलं? ते घड्याळ मी लिहिलं होतं, ते मी बिघडवलं होतं, आणि मी खाली मान घालून माझं मनगटी घड्याळ चारवर लावलं. सवयच तशी होती.

गाडी वेळेवर, दोन चाळीसला आली. हमाल म्हणाला, "आज पावणेदोन तास लेट हाय बगा." मेहताने मान डोलावली आणि रेल्वेला शिव्या देत तो गाडीत चढला. तोवर माझ्या डोक्यात उजेड पडला होता. ००१०. जुन्या वाचनाने चार, नव्या वाचनाने दोन. मी गिरणीच्या जीपवाल्याला म्हणालो, "पळव."

रस्ता माणसांनी भरला होता. पहिल्या पाळीचे कामगार डबे हलवत घरी निघाले होते. दुसऱ्या पाळीचे अर्धे जेवलेले, ओल्या हाताने सायकली हाणत गिरणीकडे येत होते. दोन्ही पाळ्या चौकात समोरासमोर आल्या आणि तिथेच अडकल्या. गिरणीशेजारच्या शिवणक्लासच्या मास्तरीणबाईंनी क्लास सोडला होता. एका मांडवात चार वीसचा मुहूर्त होता. तिथे भटजींनी घाईघाईने अंतरपाट धरला होता आणि नवरदेव अजून न्हाव्यापुढे बसला होता, अर्ध्या गालाला साबण. गवळ्याच्या म्हशी धारेच्या वेळेला भोंगा ऐकून गोठ्याकडे वळायच्या. त्या वळल्या होत्या आणि जीपसमोर उभ्या होत्या.

गेटवर मोहोळचा शिंदे वॉचमन दोन्ही हात पसरून उभा होता.

"आवो थांबा की! आजून तीनबी वाजलं न्हाईत!"

"भोंगा झाला न्हवं?" गर्दीतला एक जण म्हणाला.

"झाला. पण चुकीचा झाला!"

"मामांचा भोंगा चुकतोय व्हय रं? तुजं घड्याळ बग."

शिंदेने घड्याळ बघितलं, गर्दीकडे बघितलं आणि बाजूला झाला. "जावा मग," म्हणाला.

तीन वाजता दळवीसाहेबांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं. साहेब, मी आणि अनवाणी मामा. टेबलावर ती पट्टी.

"हिरेमठ, वाचा."

"दोन वाजून बारा मिनिटं, सर."

"म्हणजे मशीन बरोबर होतं?"

"हो सर."

"नरसय्या, तू काय वाचलंस?"

मामांनी खिशातून पत्ता काढला. पट्टीवर ठेवला. "ओकटी न्हाय... रेंडू न्हाय... नालुगू हाय. चार. साहेब, चारच येतंय की."

दळवीसाहेब माझ्याकडे वळले. "प्रोग्रॅमला आज कोणी हात लावला होता?"

हा प्रश्न मला आजही त्याच आवाजात ऐकू येतो. जुनी टेप माझ्या पँटच्या खिशात होती. ती मांडीला टोचत होती. मेहताचं हसणं कानात होतं. "हो" म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, म्हणजे इतके महिने तुमचं घड्याळ उलटं होतं? पाहुण्यांना आपण उलटं दाखवलं?

"नाही सर," मी म्हणालो.

मामांनी पत्ता उचलला. मग त्यांनी तो सावकाश पालथा केला आणि पुन्हा पट्टीवर ठेवला. सुईच्या टोचलेल्या खुणा दोन्हीकडून दिसायच्या. आता दोन टोच्यांचं भोक पट्टीवरच्या एक ह्या आकड्यावर आलं.

"दोन," मामा म्हणाले. मिनिटांचा तुकडाही त्यांनी पालथा केला. "बारा. मिनिटं दोन्हीकडून बारा." त्यांनी कपाळाला हात लावला. "पत्ता उलटा लागला माझा."

जकार्डवाल्याला ह्याहून मोठी शरम नाही. पत्ता उलटा लागला की मोराचं तोंड भलतीकडे होतं आणि अख्खी चादर वाया जाते. त्यांच्या धंद्यात कापड चुकलं तर मागाला कोणी बोल लावत नाही. पत्ता लावणाऱ्याला लावतात. मशीनने सकाळपर्यंत वेगळं छापलं असेल, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाच नाही. शिवला असता तर तो खरा की खोटा हे सांगू शकणारा त्या खोलीत एकच माणूस होता, आणि तो गप्प होता.

बाहेर पडताना मामा मला म्हणाले, "साहेब, तुमी बराबर शिकवलं होतं. मीच येंधळा. तुमाला उगीच तरास."

खऱ्या चार वाजता दळवीसाहेबांनी बॉयलरवाल्याकडून पुन्हा भोंगा वाजवून घेतला. तो ऐकून कोणी जागचं हललं नाही. पेठेत बरीच वर्षं लोक म्हणायचे, त्या दिवशी सोलापुरात दोनदा चार वाजले.

मामांची बदली सुताच्या गोडाउनमध्ये झाली. भिंतीवरचं घड्याळ गेस्ट हाउसमधून परत आलं. आणि ती पट्टी दळवीसाहेबांनी काचेच्या फ्रेममध्ये लावून माझ्या खोलीत टांगली. पाहुणे आले की म्हणायचे, "माणूस चुकला. मशीन नाही. हिरेमठ, एक्सप्लेन करा." आणि मी एक्सप्लेन करायचो. काठी घेऊन.

मामांच्या निवृत्तीच्या दिवशी मी ठरवून गोडाउनमध्ये गेलो. चारला पाच कमी होते. मामा सुताच्या गाठीवर नव्या धोतरात बसले होते. शेवटचा भोंगा त्यांना मिळणार नव्हता. दळवीसाहेबांनी ठाम नकार दिला होता. गच्चीवर जाऊ नका असं मामांनी सकाळीच मामींना सांगून ठेवलं होतं.

मी शब्द जुळवण्यात पाच मिनिटं घालवली. मग डोळे मिटले आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. टेप, मेहता, खिसा, "नाही सर", सगळं. नेमका त्याच क्षणी चारचा भोंगा सुरू झाला. नव्या टाइमकीपरने तो नियमाप्रमाणे ओढला, एक सेकंदही जास्त नाही. तो थांबला तेव्हा माझंही संपलं होतं.

मामा भोंग्याच्या दिशेने कान लावून बसले होते. "काय म्हणालात, साहेब?"

"काही नाही," मी म्हणालो. "चला, चहा घेऊ."

चहा घेतला. पैसे मामांनी दिले.

बऱ्याच वर्षांनी, गिरणी बंद पडल्यावर, मी त्यांच्या घरी गेलो. जुनी टेप मी जपून ठेवली होती. ती बरोबर नेली. घरात दोन माग चालू होते. मामा खूप थकले होते, पण मला बघून उठून उभे राहिले. मुलाला म्हणाले, "हे हिरेमठसाहेब. ह्यांनी मला कॉम्प्युटर शिकवलं." मी टेप त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी भोकांवरून बोट फिरवलं.

"ह्यात काय हाय?"

"जुना प्रोग्रॅम, मामा. आपल्या घड्याळाचा."

"चालतंय का आजून?"

"नाही. मामा, त्या दिवशी..."

"त्या दिवशी!" मामा हसायला लागले. "म्हशी आठवत्यात का? आन् त्यो नवरदेव?" मामी हसल्या, मुलगा हसला, त्याने माग थांबवला. मामांनी सगळी गोष्ट सांगितली, पत्ता कसा उलटा लागला ते हातवारे करून. मी मध्ये दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा समोर पोह्यांची बशी आली.

निघताना त्यांनी टेप परत दिली आणि एक चादर पुढे केली. पत्ते त्यांनी स्वतः पाडले होते, माग मुलाने चालवला होता. काठावर चार-चार घरांची नक्षी होती. एक कोरं, दोन भरलेली, एक कोरं. पुन्हा तेच. ०११०.

"वाचा," मामा म्हणाले.

"सहा."

"आता तिकडून वाचा."

तिकडूनही सहाच.

"मुद्दाम सहा घातलंय," मामा म्हणाले. "कुणीबी कसंबी धरू दे. चूक होत न्हाय, कुणाला बोल लागत न्हाय."

मी चादर घेतली आणि घरी आलो. पुढे काही वर्षांनी मामा गेल्याचं कळलं.

ह्या धंद्यात मी नंतर पुष्कळ वर्षं काढली. हाताखालच्या लोकांना एकच गोष्ट बजावत आलो. चुकीच्या प्रोग्रॅमची लोकांना सवय झाली असेल, तर तो दुरुस्त करण्याआधी लोकांना सांगा. ते विचारायचे, सर, हे कुठे शिकलात? मी म्हणायचो, सोलापूरला. पुढचं सांगत नसे.

चादर अजून वापरात आहे. टेपही आहे. आणि त्या घरातून न बोलता परत आणलेलं तिसरं सामान असं आहे: मामा, तुमचा पत्ता सरळच होता. उलटं मी केलं होतं. तुमचा तीन मिनिटांचा भोंगा माझ्यामुळे गेला. मला माफ करा.